रेकॉर्डमधली ती जागा

आमच्या ऑर्केस्ट्रात कोणालाच पगार नाही, त्यामुळे कोणाला काढूनही टाकता येत नाही. मी आठवडाभर शाळेच्या ऑफिसात दाखले टाइप करते आणि गुरुवारी व्हायोलिन घेऊन येते. आमचे संचालक भूगोलाचे निवृत्त मास्तर. हात जोरात हलवला की वर्ग ताळ्यावर येतो, असं त्यांना अजून वाटतं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ऐकणाऱ्याच्या कानांना ते मोजावं लागतं. अशा मंडळींपुढे माझ्या सख्ख्या ताईला आणून बसवायची अक्कल माझीच.

ताईने तीस वर्षं मोठ्या ऑर्केस्ट्रात चेलो वाजवला. तिची एक रेकॉर्डही निघाली, पण तिच्यात एका जागी बोट घसरलं होतं, म्हणून घरात ती तिने कधी लावू दिली नाही. मग डाव्या हाताची करंगळी बधिर व्हायला लागली. तिने कोणाला सांगायच्या आत वरच्यांनी ओळखलं आणि एका पत्राने तिला मोकळं केलं.

"रेकॉर्डवरचा तोच कॉन्चेर्टो एकदा सबंध वाजवते आणि चेलोची पेटी माझ्या हाताने बंद करते," ती मला म्हणाली. "दुसऱ्याने बंद केलेली मला नको."

चेलो एकटा पुढे आणि आख्खा ऑर्केस्ट्रा मागे, अशी ती अर्ध्या तासाची रचना. करंगळीबद्दल मी तोंड उघडायचं नाही, एवढीच तिची अट होती.

तालमींत तिच्या नाकी नऊ आले. आम्ही मागे राहायचो, ती थांबायची. आम्ही पुढे पळायचो, ती धावायची. त्यात हौशी चेलोवाल्यांचा जुना रोग म्हणजे स्वतःचं सोडून घरी सगळे पुढे एकट्याने वाजवणाऱ्याचाच भाग घोटतात. शेवटच्या खुर्चीतला मीटर रीडर तर हद्दच करायचा. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेचे आकडे टिपायचे आणि इथे येऊन, जरा उसंत मिळाली की, ताईचीच ओळ हळूच वाजवायची.

"अहो, तुमचं तुम्ही वाजवा," ताई एकदा मागे न वळता म्हणाली. "माझं मला वाजवू द्या."

तो इतका ओशाळला की गज काखेत घेऊनच पाणी प्यायला गेला.

कार्यक्रम रविवारी दुपारी, शाळेच्या सभागृहात झाला. पहिला भाग निभावला. दुसऱ्या, संथ भागात एक उंच सूर आहे, करंगळीनेच घ्यायचा. ताईने करंगळी ठेवली, पण ती तारेच्या बाजूला पडली. चेलो नुसता खरखरला. तिने गज उचलला. मास्तरांचा हात हवेतच राहिला. ताईला इथे आणल्याची मला लाज वाटली.

तेवढ्यात मागून तोच सूर आला, जरा जाड, जरा भित्रा. मीटर रीडर डोळे मिटून वाजवत होता. दोन ओळी त्याने एकट्याने ओढून नेल्या आणि मध्येच एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना त्याचं बोट घसरलं. ताईने झटकन मान वर केली. ही घसरण कागदावर नाही. ती फक्त तिच्या रेकॉर्डमध्ये आहे.

पुढचं ताईने उचललं, तीन बोटांवर, आणि शेवटापर्यंत नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, तसंच लिहिलेलं असणार.

नंतर मीटर रीडर मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"चुकलं मॅडम. राहवलं नाही."

"रेकॉर्डवरून बसवलंत?"

"हो. एकोणीस वर्षं झाली. रोज कामावर जायच्या आधी लावतो."

"ते बोट घसरणं माझी चूक होती," ताई थकलेल्या आवाजात म्हणाली. "खरं तसं नाहीये ते."

त्याने आमच्या दोघींकडे पाहिलं. "ते जमायला मला दोन वर्षं लागली," तो म्हणाला.

कित्येक महिन्यांनी ताई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिने चेलो पुसला, पेटीत ठेवला, झाकण लावलं. खटके एकेक करून दाबले. शेवटचा घट्ट होता, बधिर करंगळीच्या हाताने लागेना. मी पुढे झाले, तर तिने मला हातानेच थांबवलं आणि दाराकडे पाहिलं.

"एवढा तुम्ही लावा," ती म्हणाली.