केसांच्या कडेचा भंडारा

पळसदेवच्या निकिताच्या घरात नाचाचं नाव काढायचं नाही, असा नियम होता. का, ते कुणी सांगत नसे. आणि पोरगी तर चालायला लागली तीच गिरकी घेत. शाळेच्या गॅदरिंगला सगळ्यांचे बाप मोबाईल वर धरून पहिल्या रांगेत बसायचे, निकिताचा बाप रतन तेवढा नसायचा. तो पाटबंधारे खात्यात कामाला. गॅदरिंगच्या दिवशीच नेमकं कालव्याला काहीतरी व्हायचं. दहा वर्षांत कालव्यानं एकदाही तारीख चुकवली नाही.

पुढं ती बारामतीला कॉलेजात गेली आणि होस्टेलवर राहू लागली. यंदा बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. टेबलावर हाताएवढी बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. रोज संध्याकाळी मेणबत्ती लावून ती त्रिशरण-पंचशील म्हणायची. तेवढी दहा मिनिटं पळसदेवला असल्यासारखं वाटायचं, मग पुन्हा बारामती. खोलीतल्या दुसऱ्या मुलीचा फोन दिवसभर चालू. निकिताचा एकदाच वाजायचा. "जेवलीस का? अभ्यास झाला का?" बास. जिच्यात तिचा सगळा जीव होता, ती एकच गोष्ट घरी सांगायची सोय नव्हती.

वर्षातलं खरं सुख म्हणजे दसरा. तेव्हा सगळं घर नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं. भाड्याच्या क्रूझरमध्ये चौदा माणसं कोंबलेली, सगळ्यांचे कपडे पांढरे, डब्यात दशम्या. आजी अक्काबाईच्या शेजारची खिडकी निकिताची, त्यात वाटेकरी नाही. परत आल्यावर मोठ्या पातेल्यात खीर व्हायची आणि नागपूरला जाऊन आलेली सगळी माणसं एका पंगतीला बसायची.

यंदा घोळ झाला. कॉलेजच्या संघानं स्पर्धेसाठी खंडोबाचं जागरण बसवलं. जागरणात देवाला वाहिलेली बाई नाचते, ती मुरळी. नाच बसवणाऱ्या मोनाली मॅडमनी मुरळी निकिताला दिली. म्हणाल्या, "तुझ्याइतकी गिरकी इथं कुणालाच येत नाही." एवढं कौतुक तिनं एका दमात कधी ऐकलं नव्हतं. ती हो म्हणून बसली. आपल्या घरानं देव सोडलेत, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण स्टेजवरचा भंडारा म्हणजे मेकअपच की, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. स्पर्धा दसऱ्याच्या आदल्या दिवशी. घरी तिनं सांगितलं, "प्रॅक्टिकल आहे, नागपूरला जमणार नाही."

आई विजयमाला एवढंच म्हणाली, "मग आज्जीच्या शेजारची खिडकी कुणाला द्यायची?"



नाच झाला तो मात्र झकास. हातात पितळी घंटी, कपाळभर भंडारा. शेवटच्या गिरकीला तिनं दोन्ही मुठींतली हळद उधळली आणि सभागृह उठून उभं राहिलं. पहिला नंबर आला, पुढच्या फेरीला डिसेंबरात पुण्याला जायचं ठरलं. फोटोच्या वेळी बाकीच्या पोरींच्या शेजारी कुणी ना कुणी घरचं होतं. निकितानं बक्षिसाची ढाल धरली. तिच्या हातांना तेवढंच काम होतं.

सुट्टीमुळं होस्टेल रिकामं झालेलं. तिनं घाईघाईनं तोंड धुतलं, मेणबत्ती लावली आणि चौथ्या शीलापाशी अडखळली. चौथं शील खोटं न बोलण्याचं. 'प्रॅक्टिकल'ची थाप मारल्यापासून ती रोज तिथंच अडखळत होती. कसंबसं पुढं रेटून संपवलं, तेवढ्यात नागपूरहून व्हिडिओ कॉल आला.

"दिसतोय का स्तूप?" आई फोन फिरवत होती. दिवे दिसले, आत्या दिसली, आणि मध्येच पप्पांचा चेहरा आला.

"कपाळाला काय लागलंय गं?"

केसांच्या कडेला पिवळी रेघ राहिली होती. फेसपॅक म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मेणबत्ती अजून समोर जळत होती.

"भंडारा हाय पप्पा. प्रॅक्टिकल नव्हतं. मी नाचले. मुरळी झाले होते."

मागून आजीचा आवाज आला, "कोण मुरळी?" आणि फोन बंद झाला.

दसरा तिनं एकटीनं काढला. मेस बंद, म्हणून दोन्ही वेळा वडापाव. आईला दहा वेळा फोन लावला, कुणी उचलला नाही. आता नाच बंद, कदाचित कॉलेजही. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. पुढच्या वर्षी ती खिडकी आपली असेल का? पांघरुणात तोंड खुपसून ती पोटभर रडली. रडू नको म्हणणारंही कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वॉचमननं हाक मारली. फाटकाशी रतन उभा होता, अंगावर प्रवासात चुरगळलेला पांढरा शर्ट. समोर होस्टेलची वही. 'येण्याचं कारण' या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'न्यायला'.

"चल. खीर तुझ्यासाठी थांबलीया."

"पप्पा, मी..."

"आधी ऐक. तुझ्या आज्जीला थोरली भन होती, झुंबर. ल्हानपणीच खंडोबाला वाह्यली, मुरळी केली. छप्पन साली घरानं दीक्षा घेतली, देव सोडलं. पर तिला आनाया कुनी गेलं न्हाय. लाज वाटली म्हनं सगळ्यास्नी. ती तिकडंच नाचत ऱ्हायली, तिकडंच मेली. दीक्षा घेतली तवा तुझी आज्जी आठ वर्साची." त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "नागपूरपास्नं आज्जीनं एकच धोशा लावलाय. झुंबरला आनाया कुनी गेलं न्हाय, हिला तरी आन."

निकितानं हात ओढणीत लपवले. कपाळ दोन दिवसांत स्वच्छ झालं होतं, नखं अजून पिवळीच होती.

"झाकू नगंस," रतन म्हणाला. "आज्जी आधी नखंच बघंल."

ती मोटरसायकलवर मागं बसली. भिगवण मागं पडलं. हायवेला लागल्यावर त्यानं मान न वळवता विचारलं, "आता कुठं हाय म्हनं नाच?"

"पुण्याला. डिसेंबरात."

"तारीक सांगून ठेव. मी येतो."

तिचा हात त्याच्या खांद्यावर घट्ट झाला. "बघायला, पप्पा?"

 पळसदेवचा फाटा आला, गाडी हळू झाली.

"न्यायला," तो म्हणाला.