पुसलेला हात

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट माहीत नाही.

मंठ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट साइज. माझ्या हाताखालून गेलेल्या नवरीच्या तोंडावर एक पुटकुळी सापडली तर नाव बदलीन. आठ्या घालवायच्या, दात उजळायचे, कपड्यांच्या सुरकुत्या काढायच्या. आणि स्टेजवरच्या फोटोत कुण्या मामाचा नाहीतर आत्याचा हात कडेनं घुसलेला असतोच — तो पुसायचा. हे सगळं आता बोटंच करतात, डोकं लागत नाही.

कबड्डीच्या स्पर्धेचे फोटो काढायला बोलावलं, तेव्हाही बोटांनी तेच केलं. एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज बोललोच नसतो.

आपल्या गावचा इरफान चढाईला गेला होता. समोरच्या संघातल्या एकानं खाली झेपावून त्याचा घोटा धरला, आणि इरफान दोन्ही गुडघ्यांनी त्या पोराच्याच पायावर आदळला. त्या पोराचं हाड मोडलं. आदळण्याआधीचा क्षण मी टिपला होता — धूळ, घाम, हवेतला इरफान. असा फोटो मला परत कधी मिळाला नाही. मी तो नवरदेवासारखा सजवला. आठ्या काढल्या, दात उजळले, ओढला गेलेला शर्ट सरळ केला. कडेला कुणाची तरी मूठ होती, ती पुसली. खाली स्टुडिओचं नाव टाकून ग्रुपवर पाठवला. लोकांनी मला डोक्यावर घेतलं.

मग एकानं लिहिलं — हा तर हसतोय. हसत हसत पाय मोडला पोराचा.

मी पुन्हा पाहिलं. खरंच हसत होता. भीतीनं वासलेलं तोंड होतं ते. आठ्या गेल्या आणि हसू उरलं.

दुसऱ्या दिवशी इरफान स्टुडिओत आला. "भैया, माझ्या शर्टाला कुनीतरी बाजूनं हिसका देल्ता. म्हणून तोल गेला. तुमच्या फोटोत बराबर दिसन, पाहा ना जरा."

मी पाहिलं. स्क्रीन माझ्याकडं होती आणि तिच्यावर मूळ फोटो. मूठ, आणि मुठीत शर्ट.

"न्हाई रे," मी म्हणालो, "काहीच दिसत न्हाई."

स्पर्धेच्या पंचांनीही विचारलं, फोटो जसा काढला तसाच हाय ना? बिलकुल तसाच, म्हणालो. का? कुणी धमकावलं होतं? नाही. ज्यांनी डोक्यावर घेतलं, ते म्हणाले असते, याचे फोटोच खोटे — बस्स, एवढंच भय. मी कौतुकाचा हावरा आहे, आणि भित्रा.

मुद्दाम पाय मोडला असं ठरवून इरफानला संघातून कायमचं काढलं. खेळाडू म्हणून पोलीस भरतीला उतरायचा होता, ते राहिलं. त्याच्या आईनं माझ्या गल्लीतून जाणं सोडलं, कारण तो फोटो दुकानाच्या काचेवर लावलेला होता. मी तो लगेच काढलाही नाही.

परवा इरफान आला. ड्रायव्हरची नोकरी लागणार होती, पासपोर्ट फोटो हवे होते. कपाळावर जुना व्रण. सवयीनं माझी बोटं तिकडं वळली.

"राहू द्या भैया," तो म्हणाला. "जसं हाय तसं ठिवा."

त्याला माहीत होतं का? मी मान वर केली नाही. व्रण ठेवला, फोटो कापले, पाकिटात घालून त्याच्या हातात दिले.

मूळ फोटो त्याच कॉम्प्युटरमध्ये होता. तो मी त्या दिवशीही दिला नाही.