मैनीचा तुंबा

सकाळचे बरोबर आठ वाजले होते. जत्रेला आलेल्या मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ बघून सांगितलं, म्हणून नक्की माहीत. तिथून सुरुवात झाली. जत्रेत एक दिवस डोंगा, म्हणजे आमची लाकडी होडी, चालवला की वर्षभर पुरतील एवढे किस्से जमतात, असं माझे सासरे म्हणतात. ते हसून म्हणतात. मला हसू फार उशिरा आलं!

माझं माहेर नागभीडचं. मी आगगाडी बघत वाढले, नदी नाही. सासर मात्र वैनगंगेच्या काठी, डोंगा चालवणारं. माघाच्या जत्रेत लोकांना डोंग्यात बसवून, पलीकडच्या रेतीवर ऊन खात पडलेली मगर दाखवायची, ही सासऱ्यांची दरवर्षीची ड्यूटी. यंदा नवरा तापानं पडला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "सूनबाई, डोंग्यातलं पाणी उपसाले तूच चाल."

"अन् मैनी?"

माझी मैनी दीड वर्षाची. मला सोडून राहत नाही. सासूबाईंनी वाळलेला पोकळ भोपळा, म्हणजे तुंबा, आणून तिच्या पाठीला बांधला. नदीकाठच्या लेकरांना असाच बांधतात, पडलं तरी तरंगतं. "हा हाये तोवर भेव नाई," त्या म्हणाल्या. मी तरी गाठ पुन्हापुन्हा ओढून बघत होते.

* * *

पहिल्याच फेरीत मास्तर ताडकन उभे राहिले. "ती पाहा मगर!" सगळ्यांनी हात जोडले. एका बाईनं तर हळदकुंकू वाहिलं.

मामाजी बांबू टेकवत म्हणाले, "मास्तर, तो ओंडका हाये. मगर तुमच्या मांगं हाये!"

मास्तर जे मटकन खाली बसले, ते काठ लागेपर्यंत उठले नाहीत.

* * *

मग एक म्हातारी आली, नव्या सुनेला घेऊन. मगर जबडा उघडून निपचित पडलेली. म्हातारीला राग आला.

"काऊन हालून नाई राह्यली? उठवा ना तिले! आमी एवढ्या लांबून आलो."

सून पदराआडून हळूच म्हणाली, "झोपू द्या बिचारीले. तिले सासू नाई."

* * *

दुपारी रेती रिकामी दिसली.

तोवर मामाजी गुणगुणत होते, ते थांबले. मी विचारलं, "मामाजी, कुठी गेली?"

"दिसते तवा भेव नाई, बाई. दिसत नाई तवा..." त्यांनी वळून सगळ्यांना दरडावलं, "आता कोणी उभं राहाचं नाई!"

माझा डबा पाणी उपसत होता आणि डोळे मैनीच्या पाठीवर होते.

* * *

शेवटच्या फेरीला सावली गावच्या कचेरीतले एक बाबू चढले. कोट, टोपी, चांगलं भरलेलं शरीर. काठावर म्हणत होते, "मगर म्हणजे काय हो? मोठी पालच!"

भर धारेत त्यांचा आवाज बसला. सरकत सरकत ते मागे मैनीपाशी गेले. खिशातून रेवड्या काढून तिला दिल्या. मला म्हणाले, "तुम्ही उपसा, ताई. लेकराकडं मी बघतो." मला बरं वाटलं. डोंग्यात पाणीही फार झालं होतं. मी पाठ वळवली.

एवढ्यात डाव्या अंगाला नाक वर आलं. मग दोन डोळे. "मगर! मगर!" सगळे त्याच बाजूला झुकले, डोंगा कलंडला आणि मागे धप्पकन आवाज झाला.

वळून बघते तर पाण्यावर तुंबा! मैनीचा तुंबा, वाहत चाललेला, अन् मगर बुडी मारून गडप!

"मैनी!" डबा टाकून मी धावले. माणसं मध्ये. कोणी बाजूला सरेना. मामाजींनी बांबू लांबवला.

तुंब्याखालून एक टक्कल वर आलं. पाठोपाठ भिजलेला कोट, त्यावर तुंब्याची दोरी.

डोंग्याच्या टोकाला, फळीखाली, मैनी बसली होती. पाठ मोकळी, गाल रेवड्यांनी फुगलेले. बाबूंकडं बोट दाखवून टाळ्या पिटत होती, "मग्गर! मग्गर!"

मी तिला एवढं घट्ट धरलं की ती रडली.

बाबूंना काठावर काढलं. मामाजी म्हणाले, "सोडा आता तुंबा. जमीन आली."

"असू द्या," बाबू म्हणाले, "रस्त्यात नाले आहेत." आणि तुंब्यासकट बैलबंडीत बसून गेले.

सावलीच्या रस्त्यानं कोणी जाणार असाल, तर बाबूंना एवढं सांगा: पाऊस लागायच्या आत तुंबा पाठवून द्या. मैनी आता पळायला लागली आहे.