जिभेवरचा थर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पोराला नाही, तेराव्याला जमलेल्या भावकीलाही नाही. तुम्ही ना ओळखीचे ना पाळखीचे — म्हणूनच तुमच्यापुढं तोंड उघडतोय.

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल चढवणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत. शिरवण्यात भाड्याच्या खोलीत संसार केला. बायको शेवंता गेल्या साली गेली. खोलीत आता मी एकटाच.

तिला घशात गोळा अडकल्यासारखं व्हायचं. गिळलं तरी जाईना, खाकरलं तरी पडेना. फोटो काढले, गोळ्या झाल्या, काही निघालं नाही. मी म्हणायचो, नाटकं हायती. मग शेजारणीनं बेलापूरचा चिनी डॉक्टर सांगितला. चिनी कसला — आपला कराडकडचा पोरगा, विद्या तेवढी चीनची.

तो तिचं मनगट धरायचा. तीन बोटं ठेवून, आधी हा हात, मग तो, डोळे मिटून. एवढा वेळ कशाला लागतो हो नाडी बघायला? मी बाकावर बसून बघत राहायचो. मग म्हणायचा, जीभ दाखवा. आणि ही दाखवायची! माझ्यापुढं जांभई आली तरी तोंडाला पदर लावणारी बाई. वर तो विचारायचा — उसासे येतात का, बरगडीखाली भरून येतं का, राग आला की काय करता? राग? शेवंताला राग येतो हे मला कुठं ठाऊक होतं?

एक दिवस म्हणाला, गोळा, उसासा, बरगडी — ही तीन दुखणी नव्हेत, एकाच दुखण्याची तीन तोंडं आहेत. आतला वारा कोंडला की असं होतं. "ताई, तुम्ही मनातलं फार गिळता."

शेवंता रडली. त्याच्यापुढं. आणि घरी येताना चक्क हसत होती. "अवो, त्यानं वळखलं बगा!"

त्यानं सुया टोचल्या त्याचं मला काही नव्हतं. त्यानं ओळखलं — त्याचा जाळ झाला माझ्या पोटात. नातवंडं होईस्तोवर एका खोलीत निजलो, तिचे उसासे मला ऐकू येत नव्हते? येत होते. मी कूस बदलायचो.

त्यात तिची मशेरीची सवय, जाळलेल्या तंबाखूची, रोज दाताला लावायची. जिभेवरचा थर बघून दुखणं कुठवर आलंय ते तो ठरवायचा, म्हणून त्यानं बजावलं होतं — मशेरी लावून येऊ नका, थर कळत नाही. आमच्याकडच्या बायका एक वेळ चहा सोडतील, मशेरी नाही. हिनं सोडली. डोकं धरून बसायची, पण डबीला हात लावायची नाही. वास येतो म्हणून मी वर्षानुवर्षं ओरडलो, तेव्हा सोडली होती का? त्यानं एकदा सांगितलं आणि सोडली.

पुढच्या खेपेला त्यानं जीभ बघितली आणि थबकला. थर दाट झाला होता, काळपट पिवळा. "ताई, हा जिभेचा की मशेरीचा?"

"न्हाय वो डाक्टर, म्या तर —"

"लावली की सकाळी," मी म्हणालो. "मी बघितलंय."

का म्हणालो? तोंडात आलंच होतं ते, कधीपासून. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. म्हणाला, बाई, तुम्ही खरं सांगणार नसाल तर मी काय ओळखणार? ताई म्हणायचा, त्या दिवशी बाई म्हणाला.

शेवंता माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, आता बोलेल. भांडेल. तिनं नुसता आवंढा गिळला. तो खाली जाताना मला दिसला — गळ्यातनं, सावकाश.

परत ती तिकडं गेली नाही. मी बरं म्हणालो. दुसऱ्या दिवशी मोरीपाशी बसून मशेरी लावत होती, माझ्याकडं पाठ करून. त्यानंतर तिनं कुठलं दुखणं मला सांगितलं नाही, आणि उसासेही ऐकू यायचे बंद झाले. मी समजलो, बरी झाली. खरंच समजलो का? नाही. मला ते सोयीचं होतं.

शेवटच्या दुखण्यातही विचारलं की म्हणायची, काय न्हाय.

तिची डबी फळीवर आहे. डॉक्टरपुढं मी 'लावली' म्हणालो, त्या सकाळी तिनं ती उघडली नव्हती.