सांगितलं तरच थांबणारी बोट

“हिला कुणी सांगितलेलं दिसत नाही. आज बोट इकडे वळणार नाही.”

धक्क्यावरच्या शेडमध्ये माझ्या मागे दोन बायका आपसांत बोलत होत्या. एक दुकानवाली, दुसरी कुत्र्याला फिरवायला आलेली तिची शेजारीण.

“सांगायला ही बोलते कुठे? रोज दुकानात येते, दूध घेते, हसते नि जाते. मला आधी मुकीच वाटली होती.”

मी समुद्राकडे बघत राहिले. स्कॉटलंडच्या बेटांवरच्या शाळांमध्ये कॉम्प्युटर बसवायला मला ग्लासगोच्या ऑफिसने पाठवलं होतं. बस, बोट, आठ सीटचं विमान, पुन्हा बोट. खोकी उचलून खांदे भरून आले होते, पण खरा थकवा यायचा तो वाट बघण्याचा. आता ही एकच बोट उरली होती. तिने मोठ्या बेटावर पोचले, की उद्या सकाळचं विमान मिळणार होतं. उद्या दुपारी आई ग्लासगोला उतरणार होती. तिचा पहिलाच विमानप्रवास, तोही एकटीचा, आणि इंग्लिशमध्ये कुणी काही विचारलं की ती नुसती मान हलवायची.

वेळापत्रकात बोटीची वेळ छापलेली होती. मला तेवढं पुरेसं वाटलं. पुण्यात स्टॉपवर जाऊन उभं राहायचं, बसला आधी कळवावं लागत नाही. इथे लहान बेटावरून जायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करायचा, नाहीतर बोट सरळ पुढे जाते.

तेवढ्यात बोट दिसलीच. लांबून, आमच्याकडे न वळता चाललेली.

मी मागे फिरले. नुसताच तिकडे हात केला.

दुकानवालीने मोबाइल काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला.

“मी नाही सांगणार, पोरी. ज्याला जायचंय त्यानेच बोलायचं, अशी इथली रीत आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून बोटवाला वळत नाही. फुकट खेपा खूप झाल्यात त्याच्या.”

पलीकडे इंजिनाची घरघर, आणि एक वैतागलेला आवाज, “हॅलो? कोण बोलतंय?”

इंग्लिश मीडियमची सगळी वाक्यं कुठे गेली, कोण जाणे.

“प्लीज, वळा,” मी जमेल तशा इंग्लिशमध्ये म्हणाले. “मी धक्क्यावर उभी आहे. उद्या माझी आई येतेय, आणि तिला घ्यायला दुसरं कुणीच नाही.”