आत्याची मोठी बटणं

काल दुपारी आत्या गेली. पासलीत, स्वतःच्या घरात. जिथं तिला एकटं राहू द्यायला कुणीच तयार नव्हतं.

सुमनआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. वेल्ह्यातले शिंपी शर्ट शिवायचे आणि काज-बटणाला तिच्याकडं पाठवायचे. सगळं हातानं.

मशीनवर तिचा विश्वास नव्हता. "मशीनचं काज चार धुण्यांत उसवतं," म्हणायची.

मग प्यारालिसिसचा अटॅक आला. जीव वाचला, उजवा हात गेला.

तिचा मुलगा सुनील तिला भोरला घेऊन आला. ट्रीटमेंट चांगली, सून तर लाखात एक. पण आत्याला पासलीच हवी होती.

रोज तेच ऐकून वैतागलेला सुनील एकदा बोलून गेला, "आई, तुला ब्लाउजचं हुक लावायला माणूस लागतं. एकटी कशी राहशील?"



दुसऱ्या दिवशी आत्या सुनेचा हात धरून माझ्या दुकानात हजर. माझं लेडीज टेलरिंग आहे, भोरच्या एसटी स्टँडच्या मागं.

"काज-बटणाची मशीन शिकव मला."

"एका हातानं, आत्या?"

"दुसरा हाय की. कापडावर ठिवायला चालंल."

आणि तसंच केलं तिनं. उजवा हात कापडावर वजनासारखा ठेवायची, डाव्यानं कापड सरकवायची, डाव्या पायानं मोटर चालवायची.

बटण लावताना सुई दोन्ही भोकांत नीट पडते का, हे आधी चाक हातानं फिरवून बघायचं असतं. चाक मशीनच्या उजवीकडं. प्रत्येक वेळी डावा हात पलीकडं न्यायचा. एकदा कंटाळून तिनं तसाच पाय दाबला. सुई बटणावर आपटून मोडली, तुकडा गालाला लागला.

"बास आता," मी म्हटलं.

"डोळा वाचला न्हवं? मग दुसरी सुई लाव."

स्वतःच्या ब्लाउजसाठी तिनं कोटाची मोठी बटणं मागवली. काजं बटणांपेक्षा सैल ठेवली. बटणावर काडेपेटीची काडी ठेवून वरून टाके घ्यायची. काडी ओढून काढली की बटण कापडापासून जरा उभं राहतं, अधू बोटांनाही सापडतं.

सगळ्यात अवघड होतं काज चिरणं. डाव्या हातातलं कटर टाके तोडून पुढं गेलं आणि तयार ब्लाउज फाटला.

त्या दिवशी आत्या रडली. मला वाटलं, संपलं.

मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "दुसरं कापड काढ. आन् काजाच्या टोकाला टाचणी लाव. कटर तितंच थांबंल."

नवा ब्लाउज झाला तेव्हा तिनं सुनीलला बाहेर बसवलं आणि तो घालायला एकटीच खोलीत जाऊन आतून कडी लावली.

आम्ही थांबलो. लई वेळ. सून उठायला लागली की मी तिला खाली बसवत होते.

आत्या बाहेर आली. सगळी बटणं लावलेली, पदर नीट.

सुनील म्हणाला, "आई, ही तर मोठी बटणं आहेत."

"मग? बारीकच असावीत असा कायदा हाय का?"

सुनीलनं खिशातून फोन काढला. मग म्हणाला, "टेम्पो कधी सांगू?"

टेम्पोतून ती पासलीला गेली, माझी जुनी मशीन घेऊन.

हळूहळू लोक कपडे घेऊन यायला लागले. पानशेतचे एक काका, त्यांचाही हात गेलेला. बोटं वाकडी झालेल्या म्हाताऱ्या. आत्या सगळ्यांची बटणं बदलून द्यायची आणि घरच्यांना एकच सांगायची.

"तुमी लावून देऊ नगा. त्यास्नी लावू द्या. लागू दे येळ."

काल शेजारीण ताक द्यायला गेली, तर आत्या ओसरीवर पडलेली. पुन्हा अटॅक. दवाखान्यापर्यंत पोचायचा वेळच मिळाला नाही.

सुनील स्मशानातून परत आल्यावर मला म्हणाला, "मी तिला इथं आणून सोडलं, ते चुकलं का गं?"

मी म्हटलं, "नाही." तेवढंच म्हटलं. मला त्याबद्दल जराही शंका नाही.

आत्याकडं ज्यांचे कपडे राहिलेत, त्यांनी काळजी करू नये. मशीन मी भोरला आणतेय. सगळी कामं होतील, तिच्याच पद्धतीनं. आणखी कुणाच्या घरी हात अधू झालेलं माणूस असेल, तर कपडे घेऊन दुकानात या.

निघणाऱ्याला आपण 'जा' म्हणत नाही.

आत्या, मनापासून नमस्कार. ये.