तिसरी पुलिया पास नाही

या ग्रुपवरचे हडळींचे किस्से वाचून सगळ्यात जास्त हसणारी बाई मीच. एका ताईंच्या अनुभवाखाली "रात्री जरा कमी जेवत जा" असंही मी लिहिलं होतं... त्यांची आधी माफी मागते. भूतबित मी आजही मानत नाही. पण हे माझ्यासमोर घडलंय.

आम्ही मूळचे नागपूरचे. बाबांच्या नोकरीमुळे भोपाळला, बरखेड्यात आलो आणि इथलेच झालो. बाबांच्या कारखान्यातून अवाढव्य ट्रान्सफॉर्मर ट्रेलरवर चढून बाहेर पडत. त्यांचा रस्ता आधी तपासून ठेवणं हे बाबांचं काम. प्रत्येक पुलियावर, म्हणजे छोट्या पुलावर, उतरायचं, मोजमाप घ्यायचं, वजन पेलणार असेल तर वहीत 'पास', नाहीतर 'पास नाही'. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. होशंगाबाद रोडने येताना ग्यारह मीलच्या चौकात उजवीकडे बायपास धरायचा, शहराच्या गर्दीत शिरायचं नाही, हा घरचा कायदा! मोडला की जेवण होईपर्यंत बोलणी खायची.

मागच्या हिवाळ्यात इटारसीहून मामेबहिणीचा साखरपुडा आटोपून परतत होतो. गाडी मी चालवत होते, आई-बाबा मागे. औबेदुल्लागंजजवळ बाबांना दरदरून घाम फुटला, छातीत दुखायला लागलं. तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "एम्बुलेंस का इंतज़ार मत कीजिए. सीधे भोपाल. एक घंटा है, बस." मंडीदीप येईपर्यंत बाबांची शुद्ध हरपली. डोकं आईच्या मांडीवर. श्वास मात्र चालू होता.

ग्यारह मील आलं. भर दुपार, लख्ख ऊन. फोनवरच्या नकाशात बायपास हिरवागार, शहराचा रस्ता लालभडक. मी इंडिकेटर दिला — आणि मागून बाबांचा आवाज आला. क्षीण वगैरे नाही... नेहमीचा, जरा वैतागलेला.

"सरळ घे. तिसरी पुलिया पास नाही."

आरशात पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले, आई खाली मान घालून रामरक्षा पुटपुटत होती. तिने काही ऐकल्याचं दिसलं नाही. मला वाटलं, वातात बडबडताहेत. मनात म्हटलं, बाबा, तुमचाच रस्ता घेतेय. आणि वळले.

दोन पुलिया झपाट्याने गेल्या. तिसऱ्यावर एक ट्रेलर रस्त्यात आडवा पडलेला, मागची चाकं कडेवरून खाली घसरलेली. त्यावर ताडपत्रीत गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर. मी ब्रेक मारेपर्यंत मागे ट्रकांची रांग लागलीसुद्धा, गाडी वळवायलाही जागा उरली नाही. धावत ड्रायव्हरकडे गेले, हात जोडले.

"मैडम, क्रेन आए बिना कुछ नहीं होगा," तो रडवेला होऊन म्हणाला. "अभी-अभी फिसला है... पाँच मिनट भी नहीं हुए."

पाच मिनिटं. ग्यारह मीलहून निघून मला दहा तरी झाली होती.

परत गाडीत येऊन बसले. नुसती बसून राहिले, दुसरं काय करणार? बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "अगं, यांचा हात गार पडलाय."

एका डॉक्टर मैत्रिणीचं म्हणणं, ताणात असे आवाज ऐकू येतात. येत असतील. पण मग तिसरीच पुलिया का? आणि घडण्याआधीच? पुढे एकदा मुद्दाम त्याच वेळी औबेदुल्लागंजहून निघून शहरातून गाडी नेऊन पाहिली. गर्दी होतीच... तरी पाऊण तासात हॉस्पिटलच्या दारात होते.

आई हा ग्रुप वाचत नाही, म्हणून इथे लिहितेय. ती अजूनही संध्याकाळी मध्येच म्हणते, "जाताना एक शब्द बोलले नाहीत गं माझ्याशी. एवढा संसार केला... काही तरी बोलायचं!"

मी उठून स्वयंपाकघरात जाते. बोलले होते, असं सांगितलं तर काय बोलले तेही सांगावं लागेल.